पार्श्वभूमीतील आज्ञा आणि मार्गनामे : शेलच्या व्याकरणातील एक प्रश्न

'कर्जत' एवढेच नाव उच्चारले असता श्रोत्याच्या मनात कोणते गाव उभे राहील, हे तो कोठे आहे यावर अवलंबून असते. जामखेडच्या माणसास आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आठवते. मुंबईहून पुण्याकडे आगगाडीने निघालेल्या प्रवाशास रायगड जिल्ह्यातील स्थानक आठवते. नाव एकच, परंतु निर्देश स्थानानुसार बदलतो. 'इकडे', 'पलीकडे', 'वरच्या अंगाला' या शब्दांचेही असेच आहे. भाषेतील ही स्थलसापेक्षता संगणकाच्या आज्ञाभाषेतही आढळते. आणि तेथे ती अधिक महाग पडते, कारण तेथील श्रोता शंका विचारीत नाही.

युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी रचावयास घेतली. तिच्याशी बोलण्याची भाषा म्हणजे शेल. १९७९ मध्ये प्रसृत झालेल्या सातव्या आवृत्तीतील स्टीव्हन बोर्न यांच्या शेलचे व्याकरण आजच्या शेलांतही बव्हंशी टिकून आहे. शेलच्या आज्ञा क्रमाने लिहून ठेवलेली फाइल ती स्क्रिप्ट होय. मोठ्या शब्दसंग्रहावर रात्रभर काम करणाऱ्या भाषाभ्यासकास ही स्क्रिप्ट फार उपयोगी पडते. परंतु पार्श्वभूमीत चालविलेली आज्ञा चुकली, तर ती बहुधा मुकाट्याने चुकते.

१. पूर्ण व सापेक्ष मार्ग. '/' या चिन्हाने आरंभ होणारे मार्गनाम पूर्ण होय, उदाहरणार्थ, '/संशोधन/नगर/अकोले/शब्द'. ते कोठूनही उच्चारले तरी त्याचा अर्थ एकच. याउलट 'अकोले/शब्द' हे नाव सापेक्ष आहे. ते कशास सापेक्ष, याविषयी नवशिक्यांची नेहमी गल्लत होते. स्क्रिप्ट जेथे ठेवली आहे त्या जागेस ते सापेक्ष नसते; ती चालविणारा त्या वेळी ज्या डिरेक्टरीत असेल, त्या जागेस सापेक्ष असते. म्हणून दुपारी अभ्यासकाने स्वतः चालविलेली स्क्रिप्ट बिनचूक चालते आणि तीच दुसऱ्या जागेवरून चालविली की फाइल सापडत नाही.

२. '&' चा अर्थ व व्याप्ती. आज्ञेच्या शेवटी '&' लिहिल्यास शेल तिच्यासाठी वेगळी प्रक्रिया निर्माण करते आणि तिची वाट न पाहता पुढील ओळीकडे वळते. या नव्या प्रक्रियेस तिच्या जन्माच्या क्षणीची डिरेक्टरी वारशाने मिळते. नंतर मूळ स्क्रिप्टने जागा बदलली, तरी अपत्य आपल्या जागीच राहते.

येथे व्याप्तीचा प्रश्न उद्भवतो. 'जुनी पुस्तके व हस्तलिखिते' या पदबंधात 'जुनी' हे विशेषण दोहोंना लागते की एकालाच, हे मराठीत संदर्भाने ठरते. शेलमध्ये ते नियमाने ठरलेले आहे. 'सीडी अकोले && मोजणी &' असे लिहिल्यास '&' ची व्याप्ती संपूर्ण ओळीवर असते; स्थलांतर व मोजणी ही दोन्ही पार्श्वभूमीत होतात आणि मूळ स्क्रिप्ट होती तेथेच राहते. 'सीडी अकोले; मोजणी &' असे लिहिल्यास मात्र मूळ स्क्रिप्टच अकोल्यात जाते व केवळ मोजणी पार्श्वभूमीत होते. विरामचिन्हाच्या या भेदाने पुढील सर्व सापेक्ष मार्गांचा अर्थ पालटतो.

३. आज्ञेच्या नावाचा शोध. ज्या आज्ञेच्या नावात '/' नाही, ती शेल 'पाथ' या चलात नोंदलेल्या डिरेक्टऱ्यांत क्रमाने शोधते आणि प्रथम सापडेल ती चालविते. जिल्ह्यांच्या यादीत रायगड आधी असेल, तर 'कर्जत' म्हणजे रायगडचेच कर्जत, असा हा न्याय आहे. ठरलेल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या 'क्रॉन'कडे ही यादी सामान्यतः फार तोकडी असते, आणि तो काम सुरू करतो ते वापरकर्त्याच्या गृह-डिरेक्टरीतून. भाषाविषयक चलेही तेथे पुष्कळदा ठरविलेली नसतात. मग 'नेवासे' या शब्दातील सहा वर्णचिन्हांऐवजी अठरा बाइट मोजले जातात, आणि बाइटांच्या क्रमाने लावलेल्या सूचीत 'ळ' हा 'ह' नंतर न येता 'ल' व 'व' यांच्या मध्ये येऊन बसतो. कोशकारास ही चूक क्षुल्लक नव्हे.

४. मूक अपयश. आज्ञा पार्श्वभूमीत पाठविताच शेल शून्य हा यशाचा अंक नोंदविते. त्यावरून आज्ञा सफल झाली असे सिद्ध होत नाही. शिवाय '>' या चिन्हाने निर्दिष्ट केलेली फाइल आज्ञा सुरू होण्यापूर्वीच निर्माण होते. म्हणून आज्ञा सापडलीच नाही, तरी सकाळी फाइल जागेवर असते, फक्त रिकामी. पुढची पायरी तीच सूची प्रमाण मानून चालली, तर अकोल्याच्या बोलीत एकही शब्द नाही असा निष्कर्ष निघावयाचा! यावर उपाय असा : '$!' मध्ये मिळणारा प्रक्रियेचा क्रमांक जपून ठेवावा आणि 'वेट' या आज्ञेने तिचा खरा निकाल विचारावा. १२७ हा अंक आल्यास आज्ञा सापडली नाही, व १२६ आल्यास सापडली पण चालविता आली नाही, असे समजावे.

टर्मिनल बंद झाल्यावरही काम चालू राहावे यासाठी 'नोहप' वापरतात. तथापि, आज्ञेचे निवेदन टर्मिनलकडे जाणारे असेल, तर ते चालू डिरेक्टरीतील 'नोहप.आउट' या फाइलीत पडते. अर्थात पुन्हा तोच स्थानाचा प्रश्न. म्हणून निवेदन व त्रुटी या दोहोंसाठी पूर्ण मार्ग स्वतः लिहून द्यावा.

५. पूर्ण मार्गाची मर्यादा. सर्वत्र पूर्ण मार्ग लिहिला की प्रश्न संपला, असे मात्र नाही. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. एखाद्या अभ्यासकाने त्याप्रमाणे आपल्या डिरेक्टरीचे नाव बदलले, तर जुने नाव जागोजागी लिहिलेल्या त्याच्या सर्व स्क्रिप्टा एका रात्रीत निकामी होतील. यास्तव मूळ डिरेक्टरीचा मार्ग आरंभी एकाच चलात ठेवावा, किंवा '$०' व 'डर्नेम' यांच्या साहाय्याने स्क्रिप्टच्या स्वतःच्या स्थानावरून काढावा. तेथे 'सीडी' करावे, आणि ते न साधल्यास काम तेथेच थांबवावे. नावात मोकळी जागा असू शकते, म्हणून चल नेहमी अवतरणचिन्हांत घालावे. जुन्या नावाचा सांकेतिक दुवा ठेवल्यास पूर्वीच्या स्क्रिप्टाही चालू राहतात.

यातील एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. जी प्रक्रिया त्या डिरेक्टरीत आधीपासूनच काम करीत असते, तिची जागा नामांतराने सुटत नाही; कारण प्रणाली चालू डिरेक्टरी नावाने नव्हे, तर प्रत्यक्ष स्थानाने धरून ठेवते. गावाचे नाव पालटले, तरी गावात बसलेला माणूस गावातच असतो. नव्या नावाची अडचण होते ती बाहेरून पत्ता विचारीत येणाऱ्यास. आणि पार्श्वभूमीत पाठविलेली प्रत्येक आज्ञा हा असाच एक प्रवासी होय. त्याच्या हाती पुरता पत्ता देणे, आणि तो पोहोचला की नाही याची विचारपूस करणे, ही दोन्ही कर्तव्ये स्क्रिप्ट लिहिणाऱ्याची आहेत.