मुलींचा फुटबॉल आणि विद्यापीठाची हिशेबवही

आम्ही कारकुनी करणारी माणसे. कोणतीही गोष्ट पाहिली की आधी जमा किती नि खर्च किती हे विचारायची आम्हाला खोडच आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या मुलींच्या फुटबॉल संघाने १९८२ ते २०२४ या काळात महाविद्यालयीन स्पर्धेची २२ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. कौतुक वाटले, पण प्रश्नही पडला: मुलींच्या खेळाला पैसा मिळतो कसा?

त्याचे मूळ कायद्यात आहे. १९७२ च्या जूनमध्ये तेथे 'टायटल नाईन' कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी आहे म्हणून कुणाला डावलता येणार नाही, असे त्याने ठरवले. पुढे १९७९ साली या विद्यापीठात मुलींचा संघ उभा राहिला. प्रशिक्षक ॲन्सन डोरन्स यांनी तो ४५ हंगाम सांभाळला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते निवृत्त झाले. त्यांचे सहायक डेमन नाहास यांनी हंगामापुरती सूत्रे हाती घेतली आणि बाविसावे विजेतेपद आले. वर्षानुवर्षे टिकलेली माणसे हीच संघाची खरी पुंजी, हे यावरून दिसते.

आता शिष्यवृत्तीचा हिशेब पाहू. अनेक वर्षे तेथे एका संघात मुलींना १४ व मुलांना ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. मुलींना जास्त का? कारण मुलांच्या अमेरिकन फुटबॉल संघाला एकट्याला ८५ शिष्यवृत्त्या मिळत. तो समतोल कोठेतरी साधावा लागे. मात्र या १४ चे तुकडे करून त्या वाटल्या जात. २८ मुली असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी अर्धीच! उरलेली फी घरच्यांच्या खिशातून किंवा इतर मदतीतून.

२०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती मान्य करणाऱ्या विद्यापीठांना ही मर्यादा राहिली नाही. संघात २८ जणींपर्यंत घेता येते व सर्वांना शिष्यवृत्ती देता येते. पण त्याच तडजोडीने विद्यापीठांना पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर खेळाडूंना थेट वाटण्याची मुभा दिली. त्यातला मोठा वाटा मुलांच्या फुटबॉल व बास्केटबॉलकडे जातो. मुभा म्हणजे हक्क नव्हे, हे आम्ही कचेरीत रोज पाहतो.

तिसरी वही अभ्यासाची. नियमाप्रमाणे हंगामात आठवड्याला २० तासांहून जास्त सराव घेता येत नाही. दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर ६० टक्के अभ्यास पुरा व्हावा लागतो. तरीही याच विद्यापीठात सुमारे १८ वर्षे नावापुरते वर्ग चालले, असे २०१४ च्या चौकशीत उघड झाले. ३१०० हून अधिक विद्यार्थी त्यात होते, जवळजवळ निम्मे खेळाडू. नियम कागदावर होता, शिक्षण मात्र मिळाले नाही.

म्हणून मुलगी मैदानात उतरली की पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात: पैसा कोण देणार, शिकवणारा किती दिवस टिकणार आणि खेळ संपल्यावर तिच्या हाती खरी पदवी असणार का? चषक कपाटात राहतो. पोट भरायला पदवी लागते.