पोटावर चार-पाच भोकं आणि आत कॅमेरा: लॅप्रोस्कोपी आणि वजन कमी करण्याची सर्जरी नक्की चालते कशी?

रील्स बघताना तुम्हालाही ही जाहिरात एकदा तरी आली असेल. डावीकडे १३० किलोचा फोटो, उजवीकडे ७५ किलोचा, आणि खाली ओळ: "मोठा टाका नाही, दुखणं नाही, ईएमआय उपलब्ध." माझा एक मावसभाऊ अशाच एका व्हिडिओवरून चौकशीला गेला. ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं, वजनही उतरलं. पण दोन वर्षांनी पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर वाटतात म्हणून परत डॉक्टरांकडे जायची वेळ आली. असं का झालं ते पुढे येईलच. आधी हे तंत्रज्ञान काय आहे ते नीट समजून घेऊया.

लॅप्रोस्कोपी म्हणजे काय?

आपण बोलताना "दुर्बिणीचं ऑपरेशन" म्हणतो ते हेच. पूर्वी पित्ताशय काढायचं तर पोटावर वीतभर चीर द्यावी लागायची. लॅप्रोस्कोपीत ५ ते १२ मिलिमीटरची चार-पाच छिद्रं पाडतात. प्रत्येक छिद्रात एक पोकळ नळी बसवतात, तिला पोर्ट म्हणतात. एका पोर्टमधून कॅमेरा आत जातो, बाकीच्यांतून लांब दांड्याचे चिमटे, कात्री वगैरे.

पण पोटाच्या आत मोकळी जागा नसतेच, सगळं एकमेकांना चिकटून असतं. म्हणून आधी पोटात गॅस भरतात आणि पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते. गॅस कोणता? कार्बन डायऑक्साइड. कारण साधं आहे. आत विजेवर चालणारी उपकरणं वापरायची असतात आणि हा वायू पेट घेत नाही. शिवाय तो रक्तात पटकन विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा ठेवतात, म्हणजे तुमच्या ब्लडप्रेशरच्या वरच्या आकड्याच्या जवळपास एक दशांश. ऑपरेशननंतर बऱ्याच जणांचा खांदा दुखतो आणि ते घाबरतात, "पोटाचं ऑपरेशन केलं, खांद्याला काय झालं?" पोट आणि छातीच्या मधल्या पडद्याला या गॅसमुळे त्रास होतो आणि तिथली नस मानेतून येत असल्यामुळे दुखणं खांद्यात जाणवतं. दोन-तीन दिवसांत ते सहसा जातं.

आता कॅमेरा. बारीक नळीत भिंगांची रांग असते, प्रकाश फायबर ऑप्टिकने आत जातो, कारण आत काळोख असतो. चित्र समोरच्या स्क्रीनवर दिसतं, हल्ली फोर के किंवा थ्रीडीमध्येसुद्धा. गंमत म्हणजे सुरुवातीला स्क्रीनच नव्हती. सर्जन नळीला डोळा लावून बघायचे, त्यामुळे मदतनिसाला काहीच दिसायचं नाही. १९८०च्या दशकात छोटा चिप कॅमेरा नळीला जोडता आला आणि मग खोलीतल्या सगळ्यांना एकच चित्र दिसू लागलं. माझ्या मते खरी क्रांती तिथे झाली.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही बरं का. उपकरण पोटाच्या भिंतीत टेकलेलं असतं, त्यामुळे हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं. सगळं उलटं. म्हणून शिकाऊ डॉक्टर आधी खोक्यावर सराव करतात. कित्येक जण तर फोनचा कॅमेरा लावून घरीच असं खोकं बनवतात.

सुरुवात कुठून झाली?

जर्मनीत कुर्ट सेम यांनी १९८० मध्ये लॅप्रोस्कोपीने अपेंडिक्स काढलं, तेव्हा तिथल्या सर्जन मंडळींनी त्यांचा परवाना थांबवावा अशी मागणी केली होती! १९८५ मध्ये एरिक म्यूहे यांनी याच पद्धतीने पित्ताशय काढलं, त्यांनाही आधी टीकाच मिळाली. भारतात मान मुंबईचा. जे. जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहेमटन उडवाडिया १९७२ पासून तपासणीसाठी लॅप्रोस्कोप वापरत होते आणि १९९० मध्ये त्यांनी तिथेच देशातलं पहिलं लॅप्रोस्कोपिक पित्ताशयाचं ऑपरेशन केलं.

रोबोटबद्दल थोडक्यात: "रोबोटिक सर्जरी" म्हणजे रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही. सर्जन बाजूच्या कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतो. ७ सप्टेंबर २००१ ला तर सर्जन न्यूयॉर्कमध्ये आणि पेशंट फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये होता, पित्ताशयाचंच ऑपरेशन होतं. हात हलवल्यापासून चित्र परत दिसेपर्यंत सरासरी १५५ मिलिसेकंद लागत होते. १५५ पिंगवर गेम खेळून बघा, मग त्या माणसाच्या धीराची कल्पना येईल.

वजन कमी करण्याच्या सर्जरीत आत नक्की काय करतात?

बऱ्याच जणांना वाटतं यात चरबी काढून टाकतात. नाही! ते लायपोसक्शन, त्याचा इथे संबंध नाही. इथे जठराचा आकार किंवा अन्नाचा रस्ता बदलतात.

कल्पना आली ती निरीक्षणातून. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांना दिसलं की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या पेशंटचं वजन घटतं आणि घटलेलंच राहतं. त्यावरून त्यांनी १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास केलं. तेव्हा अर्थात पोट उघडूनच. लॅप्रोस्कोपीने बायपास करायला १९९४ उजाडलं.

आज सगळ्यात जास्त होणारी सर्जरी म्हणजे स्लीव्ह. यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा बाहेर काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. नळी किती रुंद ठेवायची? त्यासाठी तोंडातून सुमारे १२ ते १३ मिलिमीटर जाडीची मऊ नळी जठरात सोडतात आणि तिच्या कडेकडेने कापत जातात, पट्टी धरून रेघ मारतो तसं.

कापायचं यंत्र मात्र भारी आहे. त्याला स्टेपलर म्हणतात, आणि हो, ऑफिसमधल्या स्टेपलरचाच तो लांबचा भाऊ. त्याचा जबडा जठराला चिमटीत पकडतो, दोन्ही बाजूंना टायटॅनियमच्या पिनांच्या तीन-तीन रांगा मारतो आणि मधून पातं फिरवतो. म्हणजे कापणं आणि शिवणं एकाच वेळी. एका वेळी साधारण ६० मिलिमीटर, मग नवीन काडतूस. जाड भागासाठी उंच पिना, पातळ भागासाठी बुटक्या, आणि ओळखायला काडतुसांना रंग दिलेले असतात. चांगला सर्जन जबडा बंद करून काही सेकंद थांबतो, ऊतीतलं पाणी दाबून निघून जावं म्हणून. ती घाई केली तर पिना नीट वळत नाहीत.

स्लीव्हमध्ये जो भाग जातो, त्यातच भुकेचं हार्मोन घ्रेलिन जास्त बनतं. त्यामुळे जागा कमी होते, तशी भूकही.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करतात आणि लहान आतडं कापून वर आणून तिला जोडतात. बाकीचं जठर आतच राहतं, फक्त अन्न तिथून जात नाही. यात एक विचित्र गोष्ट दिसते. अनेकांची शुगर वजन घटायच्या आधीच, काही दिवसांतच खाली येते. अन्न खालच्या आतड्यात लवकर पोचतं आणि जीएलपी-१ नावाचं हार्मोन वाढतं, हे त्यामागचं एक मोठं कारण. हल्ली चर्चेत असलेली वजनाची इंजेक्शनं याच हार्मोनची नक्कल करतात.

निकाल काय सांगतात? आणि टक्केवारीची गंमत

स्वीडनमध्ये १९८७ पासून एक मोठा अभ्यास चालला. त्यात बायपास केलेल्यांचं वजन १० वर्षांनी सुरुवातीपेक्षा सरासरी २५ टक्के कमी होतं. ऑपरेशन केलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाणही कमी निघालं. मात्र डायबिटीसचा आकडा नीट वाचा: २ वर्षांनी ७२ टक्के लोकांचा आटोक्यात आला होता, १० वर्षांनी तो आकडा ३६ वर आला. म्हणजे अर्ध्या लोकांची शुगर परत आली. अमेरिकेत १५० डायबिटीस पेशंटच्या प्रयोगात ५ वर्षांनी एचबीएवनसी ६ किंवा त्याखाली आलेले लोक असे होते: फक्त औषधांवर ५ टक्के, स्लीव्हनंतर २३, बायपासनंतर २९. फरक मोठा आहे, पण "डायबिटीस कायमचा गायब" हे वाक्य यात कुठेच बसत नाही.

आता जाहिरातीतलं "६० टक्के वजन कमी" पकडूया. हे ६० टक्के बहुतेक वेळा जादा वजनाचे असतात, एकूण वजनाचे नाही. उंची १६५ सेंटिमीटर, वजन १२० किलो समजा. बीएमआय २५ धरला तर "योग्य" वजन ६८ किलो. जादा झालं ५२ किलो. त्याचे ६० टक्के म्हणजे ३१ किलो. माणूस १२० वरून ८९ वर येतो, म्हणजे एकूण वजनाच्या २६ टक्के. निकाल उत्तमच आहे! पण तुम्ही मनात १२० चे ६० टक्के काढून ४८ किलोचं स्वप्न बघत असाल तर फसाल.

धोका किती?

२००९ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत ३० दिवसांत मृत्यू होण्याचं प्रमाण ०.३ टक्के होतं, म्हणजे १००० मागे ३. नंतर ते आणखी खाली आलं. पण शून्य नाही. सगळ्यात भीती असते ती पिनांच्या रेघेतून गळती होण्याची आणि पायात रक्ताची गुठळी होण्याची. म्हणून तर त्याच दिवशी चालायला लावतात. घरी आल्यावर छातीत धडधड थांबत नसेल, ताप, धाप किंवा वाढतं पोटदुखी असेल, तर "गॅस असेल" म्हणून झोपून राहू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

स्लीव्हनंतर काहींना आम्लपित्त वाढतं. बायपासनंतर गोड खाल्लं की घाम, चक्कर, जुलाब होऊ शकतात. बायपासवाल्यांनी आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊच नयेत, जोडाजवळ अल्सर होतो. सिगारेटचंही तेच. दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते. मुलींसाठी महत्त्वाचं: वजन घटल्यावर गर्भधारणेची शक्यता वाढते, पण डॉक्टर १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

मावसभावाचं काय झालं?

पहिले काही आठवडे त्याने सगळं पाळलं. आधी पाणी, ताक, मुगाचं कढण, मग मऊ वरण-भात. जेवताना पाणी नाही. प्रोटीन पावडर. वजन उतरत गेलं, लोक कौतुक करत राहिले. सातव्या-आठव्या महिन्यात मी विचारलं, "दादा, गोळ्या चालू आहेत ना?" तर म्हणाला, "अरे, संपल्या, परत आणल्याच नाहीत. मला आता काय धाड भरली आहे?"

इथेच घोटाळा. जठर लहान झालं की बी-१२ शोषून घ्यायची यंत्रणाही कमी होते. लोह, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम यांचंही तसंच, बायपासमध्ये तर अजून जास्त. आपण शाकाहारी असलो तर बी-१२ मुळातच काठावर असतं. शरीरात साठा असल्यामुळे कमतरता लगेच दिसत नाही, वर्ष-दोन वर्षांनी नसांवर दिसते. ऑपरेशन केलेल्या हॉस्पिटलमधून पहिल्या वर्षानंतर त्याला एकही फोन आला नव्हता, आणि त्यानेही केला नव्हता. कुणाचं चुकलं यावर आमच्या घरी अजून वाद होतात. माझं मत: दोघांचंही. ज्यांनी ईएमआयसाठी पाच फोन केले त्यांना रक्ततपासणीसाठी एक करता आला असता.

ही सर्जरी कोणासाठी?

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार बीएमआय ३५ च्या वर असेल तर, किंवा ३० च्या वर आणि सोबत डायबिटीससारखा आजार असेल तर विचार करता येतो. आशियाई लोकांसाठी या रेषा थोड्या खाली धरतात. विम्याचं गणित मात्र वेगळं. आपल्याकडे विमा नियामकाच्या नियमांप्रमाणे वय १८ पूर्ण हवं, डॉक्टरांचा सल्ला हवा, आधी बाकीचे उपाय करून झालेले हवेत, आणि बीएमआय ४० किंवा गंभीर आजारासह ३५ हवा. म्हणजे १६५ सेंटिमीटर उंची, १०० किलो वजन (बीएमआय ३६.७) आणि कोणताच गंभीर आजार नाही, अशा माणसाला डॉक्टर हो म्हणू शकतात आणि विमा कंपनी नाही. तेव्हा ॲडव्हान्स भरण्याआधी पॉलिसीची पीडीएफ उघडून "ओबेसिटी" शब्द सर्च करा. आणि डॉक्टरांना थेट विचारा: वर्षाला अशा किती सर्जरी करता, रात्री दोन वाजता त्रास झाला तर फोन कोण उचलणार, आणि तिसऱ्या वर्षीची रक्ततपासणी कुठे होणार.

दादाची आता बी-१२ ची इंजेक्शनं चालू आहेत. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, उजव्या तळव्याचा थोडा भाग मात्र अजून बधिर आहे. त्याच्या फोनमध्ये रिमाइंडर मी लावून दिलाय, दर महिन्याच्या ५ तारखेला, आणि तो बंद करायचा पासवर्ड वहिनीकडे आहे.