सूज एक, रोग अनेक
परसातल्या कोंबड्यांच्या पशुवैद्यकाचा एक दिवस

पहाटे ५.३०

कोंबडी तपासायची खरी वेळ खुराडं उघडायच्या आधीची. एकदा पक्षी अंगणात सुटले की आजारी कोंबडीही इतरांच्या नादानं चार दाणे टिपते आणि तिचं दुखणं झाकलं जातं. रात्रभर बसल्या जागी पडलेली शीट, रिकामी झालेली किंवा तशीच भरून राहिलेली अन्नपिशवी, श्वासातली घरघर, हे सगळं पहाटेच कळतं. म्हणून ज्या घरातून निरोप येतो त्यांना मी आदल्या रात्रीच सांगून ठेवतो, मी येईपर्यंत खुराडं उघडू नका.

भादवा लागला की असे निरोप वाढतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या पातुरात या दिवसांत ओल हटत नाही, डास वाढतात, कोठीतल्या दाण्याला बुरशी धरते. निरोप बहुतेक एकाच शब्दात येतो: कोंबडी सुजली. कुठे सुजली, कशी सुजली, हे तिथे जाऊनच पाहावं लागतं.

सकाळी ६.१५, शिर्ला

"साहेब, परवापासून हिचं तोंड सुजून रायलं जी. मी हयद लावली, पन उतरतच नाई."

खुराड्यापाशी वाकलो तेव्हा वास आधी आला. कुजकट, आंबूस. कोंबडीचे दोन्ही पंख अंगाशी धरून तिला काखेत घेतलं. उजवा डोळा पूर्ण मिटलेला, डोळ्याखाली मोठा फुगवटा. बोटानं हळूच दाबलं तर मऊ, पण आतून ताणलेला. नाकपुड्यांवर चिकट खपली, आणि ती ओल्या कापसानं पुसताच खालून पातळ, दुर्गंधी स्राव आला. तुऱ्यावर फोड नाहीत, तुरा निळाही पडलेला नाही. चोच उघडून पाहिली. घसा स्वच्छ.

आता प्रश्न. एकूण पक्षी किती? आजारी किती? एखादा मेला का? शीट कशी आहे? शेजारच्या कोंबड्यांचं काय? आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, इतक्यात नवा पक्षी आणला का?

"हाव, बाजारातून कोंबडा आनला ना. पाच-सहा दिस झाले."

कोंबडा कोपऱ्यात उभा होता, वरकरणी धडधाकट. त्याच्या नाकपुडीवर मात्र वाळलेली खपली होती. ही सांसर्गिक सर्दी, तिला इन्फेक्शियस कोरायझा म्हणतात. रोग जिवाणूचा आहे आणि लागण झाल्यावर एक ते तीन दिवसांत तोंड सुजू लागतं. मर फारशी होत नाही, पण अंडी थांबतात. वरून बरा झालेला पक्षीही अंगात जिवाणू बाळगून राहतो आणि पुढच्या घरात रोग नेतो. बाजारातल्या त्या कोंबड्यानं तेच केलं होतं.

औषध दिलं, वजनाच्या हिशेबानं. औषध चालू असताना आणि नंतर सांगितलेल्या दिवसांपर्यंत अंडी घरात खायची नाहीत, विकायचीही नाहीत, हे दोनदा सांगितलं. आजारी पक्ष्यांचं पाणी वेगळं, डोळा रोज कोमट पाण्यानं पुसायचा. नवा पक्षी घरी आला की तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवायचा. निघताना चप्पल ब्लीचिंगच्या पाण्यात धुतली. हा नेम प्रत्येक घराबाहेर पाळावाच लागतो, नाहीतर रोग पसरवणारा मीच ठरेन.

सकाळी ८, सस्तीच्या वाटेवरची वस्ती

इथे पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती. चार तलंगांचं डोकं सुजलं आणि कोणीतरी बर्ड फ्लू म्हणालं, तेवढ्यावर वस्ती हादरली. ही भीती बिनबुडाची नाही. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला तो महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्या पटापट मेल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत तर आपल्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातल्या खेर्डा गावात, हजारो ब्रॉयलर कोंबड्या दगावल्या. इथल्या माणसांनी ती बातमी वाचलेली आहे.

अशा वेळी धीर द्यायचा तर आधी नीट पाहावं लागतं. हातमोजे आणि मास्क चढवून एक तलंग उचलली. पापणीवर, तुऱ्यावर आणि गलोलांवर करड्या-तपकिरी खपल्या, हाताला खडबडीत लागणाऱ्या. खपल्यांमुळे पापणी जाड होऊन डोळा मिटलेला, त्यामुळे सगळं डोकंच सुजल्यासारखं दिसत होतं. चोच उघडून जिभेखाली आणि घशात पाहिलं, पिवळसर पापुद्रा नव्हता. तलंग दाण्यासाठी धडपडत होती. आठ दिवसांत एकही पक्षी मेलेला नाही. बर्ड फ्लूनं इतके दिवस दिले नसते. त्यात रात्रीतून मर लागते, तुरा निळा-जांभळा पडतो, पायांवर रक्ताचे चट्टे उठतात.

ही देवी. विषाणूचा रोग, डासांनी पसरवलेला. खुराड्याच्या मागेच सांडपाण्याचं डबकं होतं. विषाणूवर औषध नाही, हे सरळ सांगितलं. खपल्या ओढून काढायच्या नाहीत. ओढल्या तर जखम चिघळते आणि खाली पडलेल्या खपलीत विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. खपल्यांवर आयोडिन, आणि डोळा मिटलेल्या पक्ष्याला हातानं दाणा-पाणी. आंधळेपणानं उपाशी राहिलेली कोंबडी देवीनं नाही, भुकेनं मरते. कोरड्या देवीतून बहुतेक पक्षी तीन-चार आठवड्यांत सावरतात. गावातल्या निरोगी पक्ष्यांना पंखाच्या पातळ कातडीत देवीची लस टोचता येते. डबक्यात माती टाकायला दोन पोरं लगेच फावडं घेऊन निघाली, आणि औषधापेक्षा ते काम मोठं होतं.

सकाळी १० ते दुपारी १, पातूर

दवाखान्यात गाई-म्हशी-शेळ्यांची रांग असते. तिच्यात कापडी थैलीत कोंबडी घेऊन आलेली बाई बाजूला, संकोचून उभी राहते. गाईचे पैसे मोठे, कोंबडीचे लहान, म्हणून आपला नंबर शेवटी असं तिनंच ठरवलेलं असतं. मला हे पटत नाही. गावरान कोंबडी वर्षाला साठेक अंडी देते, एकदा-दोनदा खुडूक बसून पिल्लं काढते. त्या पैशातून पोराची वही येते, एसटीचं तिकीट निघतं. घरातल्या बाईच्या हातात थेट पडणारा आणि कोणाला हिशेब द्यावा न लागणारा हाच एक पैसा असतो. त्यामुळे कोंबडीची तपासणीही गाईइतकीच नेटानं व्हायला हवी.

आज आलेल्या सुजा अशा. एका कोंबडीची गळ्याखालची पिशवी लिंबाएवढी टणक. रात्रभर उपाशी ठेवूनही ती उतरली नव्हती, म्हणजे आत काहीतरी अडकलं होतं. भूल देऊन छोटा छेद घेतला, तेव्हा लांब गवताचा गुंता आणि त्यात पोत्याची नायलॉनची सुतळी निघाली. हीच पिशवी पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत असती आणि तोंडाला आंबट वास असता तर ती बुरशीची बाधा, तिथे छेद लागत नाही.

दुसरा, लंगडणारा जाडजूड कोंबडा. तळपायाला सूज, मधोमध काळी खपली. कठीण जागेवरून रोज उडी मारणारा जड पक्षी पायाला जखम करून घेतो, तिच्यात जिवाणू शिरतो आणि आत पू गोठून खडा होतो. पाय साफ करून बांधला, आणि बसायची काठी खाली आणायला सांगितलं. खुराड्यातली जमीन ओली राहिली तर हा पाय पुन्हा सुजणार.

तिसरं एक पिल्लू, कातडी फुगून गोल झालेलं. घरच्यांना वाटलं पाणी भरलं. बोट फिरवलं तर कातडीखाली चुरचुर लागली. म्हणजे आत हवा होती. कुत्र्यानं धरलं होतं का, असं विचारल्यावर पोरगं हळूच म्हणालं, "हाव." मार बसून आतली हवेची पिशवी फाटली की श्वासातली हवा कातडीखाली साठते. निर्जंतुक सुईनं ती काढली. पिल्लू लगेच पायांवर उभं राहिलं. पुन्हा भरली तर घेऊन या, असं सांगितलं.

सूज टणक की मऊ, गरम की गार, आत हवा की पाणी की पू, हे बोटंच सांगतात. मेडिकलमधून माणसांची कॅप्सूल आणून दाण्यात मिसळली, तर यातल्या एकाही पक्ष्याला फायदा झाला नसता.

दुपारी १.३०

मेलेली कोंबडी पाहायला मिळणं फार मोलाचं असतं. एक ताई जुनी कोंबडी पिशवीत घेऊन आल्या. महिनाभर पोट वाढत होतं, मागचा भाग जड झाला होता, चालताना पाय फाकत होते. बाकीचे पक्षी ठणठणीत, त्यामुळे उघडायला हरकत नव्हती. पोटाची कातडी बाजूला करून स्नायू कापले, तर आत पिवळंजर्द, घट्ट, शिजल्यासारखं द्रव्य आतड्यांना चिकटलेलं. अंड्याचा बलक नळीत न जाता पोटात पडला आणि तिथे जिवाणूंनी दाह केला. यकृत, हृदय, श्वासनळी ताईंना एकेक करून दाखवली. सगळं स्वच्छ.

"म्हंजे बाकीच्याइले काई होनार नाई ना?"

नाही. हा रोग एकीचा होता. उघडून पाहिलं नसतं तर त्यांनी भीतीपोटी उरलेल्या सगळ्या कोंबड्या बाजारात नेऊन मातीमोल विकल्या असत्या.

दुपारी ३.३०, आलेगावकडे

फोन आला तो पशुसखीचा, म्हणजे गावातच पक्ष्या-जनावरांची पहिली देखभाल करणाऱ्या ताईंचा. एका घरी दोन दिवसांत तीन कोंबड्या मेल्या, चौथीच्या डोळ्यांभोवती सूज. मी अंगणाच्या कडेलाच थांबलो, अंगावर वेगळा कोट, पायांत प्लॅस्टिकचे मोजे. सूज सकाळच्या शिर्ल्यातल्या कोंबडीसारखीच, पण वास नव्हता. शीट हिरवी, पंख गळलेले, एकीची मान उलटी वळत होती. लस कधी दिली? कधीच नाही.

लक्षणं मानमोडीकडे, म्हणजे रानीखेतकडे बोट दाखवत होती. १९२७ मध्ये कुमाऊँच्या डोंगरातल्या रानीखेतमध्ये हा रोग नोंदला गेला आणि भारतात त्याला तेच नाव पडलं. पण मानमोडी आणि बर्ड फ्लू डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून इथे सुरी चालवायची नसते. घशाचे आणि गुदद्वाराचे नमुने घेऊन बर्फात बंद केले. वरिष्ठांना कळवलं. नमुने पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातील, बर्ड फ्लूची शंका राहिली तर पुढे भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे.

घरच्यांना चार गोष्टी सांगितल्या. मेलेली कोंबडी नाल्यात फेकायची नाही, चुना टाकून खोल पुरायची. आजारी पक्षी कापायचा नाही, विकायचा नाही, पाहुण्यांकडे पाठवायचा नाही. पोरांना खुराड्याजवळ जाऊ द्यायचं नाही. हात साबणानं धुवायचे. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार अशा रोगाची खबर देणं मालकावर बंधनकारक आहे. पण त्या घरातल्या आजोबांना मी कायदा आधी सांगितला नाही. खबर दिल्यानं गल्लीतल्या बाकीच्या कोंबड्या वाचतील, हे सांगितलं. तेवढं त्यांना पुरलं.

सायंकाळी ६.३०

आज पातुरातल्या एका गल्लीत लसीकरण ठरलेलं होतं. मी गेलो नाही. संशयित घरातून आलेल्या माणसानं त्या दिवशी निरोगी खुराड्याजवळ फिरकू नये. ज्यांचा दिवसभर आजारी पक्ष्यांशी संबंध आला नव्हता ते पर्यवेक्षक आणि पशुसखी गेले. मी फोनवर होतो.

लस सांजेलाच द्यायची. तेव्हा पक्षी आपणहून आत येतात, पकडताना धावपळ होत नाही. पिल्लांना लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, मोठ्यांना आर टू बीची सुई. अडचण वेगळीच असते. लसीच्या एका कुपीत शंभर किंवा जास्त मात्रा असतात आणि घरात कोंबड्या सात-आठ. कुपी एकदा विरघळवली की बर्फात ठेवूनही दोनेक तासांत संपवावी लागते. त्यामुळे एका घरापुरती लस कोणीच आणत नाही आणि मानमोडी दरवर्षी येते. यावर बचत गटातल्या बायांनी उपाय काढला. गल्लीतल्या सगळ्या घरांचा एकच दिवस, एकच कुपी, आणि कोणाकडे किती पक्षी याची वही. आज कुपी पुरली, एकही घर सुटलं नाही.

रात्री ९

अंघोळ झाली, कपडे वेगळे उकळले, आता दिवसाच्या नोंदी. शिर्ला: सर्दी, बाजारातल्या कोंबड्यावर लक्ष. वस्ती: देवी, डबकं बुजवलं का ते पाहणं. आलेगावकडचे नमुने सकाळी रवाना, आणि तिथल्या शेजारच्या घरांची उद्या दुरूनच विचारपूस.

नोंदी लिहिताना दरवेळी एकच गोष्ट ठळक होते. सूज एका पक्ष्याच्या अंगावर दिसते, पण तिचं मूळ बहुतेक वेळा बाहेर असतं: बाजारातल्या कोंबड्यात, सांडपाण्याच्या डबक्यात, उंच टांगलेल्या काठीत, न दिलेल्या लसीत. परसातल्या कोंबड्यांची खुराडी वेगळी असली तरी त्या चरतात एकाच गल्लीत, आणि रोगापुरती ती सगळी गल्ली एकच कळप असते. म्हणून माझं प्रत्येक घरी एवढंच मागणं आहे. कोंबडी सुजली तर हळद लावण्याआधी शेजारणीला सांगा, मेली तर फेकण्याआधी दवाखान्यात कळवा. पुढच्या लसीची तारीख वहीत लिहून ठेवली आहे, आणि या वेळी शेजारची गल्लीही जोडायची आहे.