एकाच गिऱ्हाइकाच्या जिवावर

नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या संज्ञेच्या व्याख्येतून बांबू वगळला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवतच होय. परंतु कायद्याच्या दृष्टीने ते नव्वद वर्षे झाड होते. त्यामुळे अनेक राज्यांत स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून बाजारात नेण्यासाठीही शेतकऱ्याला परवान्याचे हेलपाटे घालावे लागत. वनक्षेत्राबाहेरील बांबूपुरती ही अडचण दूर झाली आणि डिसेंबरमध्ये संसदेनेही या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. निर्णय योग्य होता आणि त्याचे स्वागतही झाले. मात्र त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात आसामातील जागीरोड येथील नगाव कागद गिरणीची यंत्रे थांबली होती. बराक खोऱ्यातील पंचग्रामची कछार कागद गिरणी तर ऑक्टोबर २०१५ पासूनच बंद होती. म्हणजे ज्या वर्षी बांबू विकण्याचे स्वातंत्र्य कायद्याने दिले, त्याच वर्षी आसामातील बांबूचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक बाजारातून नाहीसे झाले.

या योगायोगाकडे आपल्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. गिरणी बंद पडली की चर्चा होते ती थकलेल्या पगाराची, भविष्यनिर्वाह निधीची आणि यंत्रसामग्रीच्या मूल्याची. ती व्हायलाच हवी. पण कागद गिरणी ही कापड गिरणीहून एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळी असते. कापसाचे गाठोडे दूरवर नेणे परवडते. बांबू किंवा हलक्या प्रतीचे लाकूड वजनाने भारी आणि मोलाने हलके असते. थोड्याच अंतरात वाहतुकीचा खर्च त्याची किंमत खाऊन टाकतो. म्हणून कागद गिरणी जंगलाजवळ उभी राहते, आणि एकदा ती उभी राहिली की भोवतालचे जंगल, तेथील मजुरी, रस्ते आणि सावकारीसुद्धा तिच्या मापाने बेतली जाते. अशी गिरणी थांबली म्हणजे केवळ एक कारखाना थांबत नाही. एका मालाची बाजारपेठच संपते.

दोन गिरण्या आणि त्यांचे जंगल

या दोन्ही गिरण्या १९७० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान पेपर कॉर्पोरेशन या सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रमाच्या. नगाव गिरणीचे व्यापारी उत्पादन १९८५ मध्ये सुरू झाले, कछारचे १९८८ मध्ये. प्रत्येकीची क्षमता वर्षाला एक लाख टन कागदाची. एक टन कागदाला ढोबळमानाने सव्वादोन ते अडीच टन बांबू लागतो असे धरले, तर पूर्ण क्षमतेने चालताना या दोघींची भूक वर्षाला साडेचार ते पाच लाख टनांची होते. हा बांबू कार्बी आंगलाँग, दिमा हासाव आणि कछारच्या डोंगरांतून येई. मिझोराममधून तो नद्यांत तराफे सोडूनही पंचग्रामला पोचवला जाई.

या मालामागे माणसांची लांब साखळी होती. डोंगरउतारावर झूम शेती करणारी कुटुंबे पीक घरात आल्यावर कोरड्या महिन्यांत बांबूतोडीला जात. त्यांच्याकडून तोड करून घेणारे ठेकेदार, तराफे वाहून नेणारे नावाडी, ट्रकचे मालक आणि हमाल, वाटेवरचे चहावाले आणि किराणा दुकानदार ही साखळीची पुढची कडी. सहाव्या अनुसूचीखालील स्वायत्त परिषदांना वनोपजावर स्वामित्वधन मिळे, ते वेगळेच. झूम शेतीत पोटापुरते धान्य निघते, पण शाळेची फी, औषध आणि मीठ-तेल यांना रोकड लागते. ती रोकड बांबूतून येई. अशा घराच्या अर्थव्यवस्थेत बांबूची मजुरी जोडउत्पन्न म्हणून नोंदली जात असेल, परंतु रोख पैशाचा प्रमुख मार्ग तोच होता.

गिरण्या का थांबल्या, याचे एकच कारण सांगता येणार नाही. मिझोराममध्ये मूली जातीच्या बांबूला सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदम फुलोरा येतो आणि त्यानंतर बेटेच्या बेटे वाळून मरतात. १९५९ च्या अशा फुलोऱ्यानंतर उंदरांचा सुळसुळाट होऊन दुष्काळ पडला आणि त्यातूनच पुढे मिझो बंडाची बीजे पडली, हा इतिहास आहे. तोच फुलोरा २००७ च्या सुमारास पुन्हा आला आणि नवी बेटे तयार होण्यास काही वर्षे गेली. २०१४ मध्ये मेघालयातील कोळसा खाणींवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बंदी घातली. लुमडिंग ते सिलचर हा मीटरगेज लोहमार्ग रुंदीकरणासाठी त्याच वर्षी बंद झाला. आग्नेय आशियाई देशांशी झालेल्या मुक्त व्यापार करारानुसार तेथून येणाऱ्या कागदावरील आयातशुल्कही त्याच सुमारास शून्यावर आले. जुनी यंत्रे आणि खेळत्या भांडवलाचा तुटवडा यांची त्यात भर पडली. यांपैकी एकही कारण बांबू तोडणाऱ्याच्या हातातले नव्हते. तोटा मात्र सर्वांत आधी त्याच्याच दारी पोचला.

दिवाळखोरीच्या कायद्यात न सापडणारा माणूस

मे २०१९ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने या कंपनीच्या विसर्जनाचा आदेश दिला. तोवर कामगारांचे पगार प्रदीर्घ काळ थकले होते. उपचाराअभावी झालेले मृत्यू आणि आत्महत्या मिळून मृतांची संख्या शंभराच्या घरात गेल्याचे कामगार संघटनांनी सांगितले. अखेर सप्टेंबर २०२१ मध्ये आसाम सरकारने संघटनांशी करार करून ५७० कोटी रुपयांची मदत मान्य केली आणि गिरण्यांची मालमत्ता ३७५ कोटी रुपयांना घेतली. ही मदत फार उशिरा आली, पण आली.

ती कोणापर्यंत आली हे पाहणे मात्र उद्बोधक आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये देण्यांचा क्रम ठरवून दिला आहे. विसर्जनापूर्वीच्या चोवीस महिन्यांचे कामगारांचे वेतन तारणधारक धनकोंच्या बरोबरीने येते. माल पुरवणारा व्यापारी बराच खाली येतो. आणि बांबू तोडणारा? तो या यादीत कोठेच नाही. तो गिरणीचा कामगार नव्हता, कारण त्याला मजुरी ठेकेदार देई. तो गिरणीचा धनको नव्हता, कारण पावती ठेकेदाराच्या नावाची असे. गिरणी बंद पडल्याने ज्याचे पुढील वर्षांचे उत्पन्न बुडाले, त्याचे गिरणीकडे कायदेशीर येणे मात्र एक रुपयाचेही निघत नाही. कायद्याने त्याच्यावर अन्याय केला असे म्हणण्यापेक्षा तो कायद्याला दिसलाच नाही, हे म्हणणे अधिक खरे.

गिरणी गेली, जंगल सुटले?

येथे एक प्रामाणिक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. कागद गिरण्यांनी जंगलांचे काय केले हे आपण विसरलो काय, असे कोणी विचारील. विसरण्याचे कारण नाही. कर्नाटकातील दांडेलीच्या कागद गिरणीला १९५८ मध्ये टनाला दीड रुपया दराने सरकारी बांबू देण्याचे ठरले होते; बाजारात बुरूड मात्र त्याच्या कितीतरी पट किंमत मोजत होता. माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात तेथील बांबूचा जो अभ्यास केला, त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. कच्चा माल जवळजवळ फुकट मिळाला की तो जपण्याची निकड गिरणीला वाटत नाही. एक जंगल ओरबाडून झाले की ती दुसऱ्याकडे वळते.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना विक्रेत्याची मक्तेदारी विस्ताराने शिकवतो. खरेदीदाराची मक्तेदारी मात्र बहुधा एका परिच्छेदात उरकतो. वस्तुतः आपल्या ग्रामीण भागाला पदोपदी भेटते ती दुसरीच. घेणारा एकच असला की भाव तोच ठरवतो, वजनातील तूट तोच ठरवतो आणि पैसे केव्हा द्यायचे हेही तोच ठरवतो. पण त्याहून मोठे संकट पुढेच असते. असा खरेदीदार चालू असताना कमी भाव देतो आणि बंद पडला की शून्य भाव देतो.

म्हणून गिरणी गेल्याने जंगल सुटले, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. बांबूच्या बेटातील जून काठ्या वेळच्या वेळी काढल्या नाहीत तर बेट आतून दाटते आणि नवे कोंब वाकडेतिकडे वाढतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या डोंगरावरील बांबूला भाव नाही, तो डोंगर राखण्याचे कारणही गावाला उरत नाही. मग तो रबराला, सुपारीला किंवा पामतेलाला देण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. निकृष्ट भावाने जंगल झिजते, आणि भावच नसला की ते जंगल म्हणून उरण्याची शक्यता कमी होते. या दोन्ही टोकांपासून वाचवणारा मार्ग एकच, आणि तो म्हणजे रास्त भाव देणारे अनेक ग्राहक.

नवे कारखाने, जुना प्रश्न

जागीरोडच्या गिरणीच्या जागेवर ऑगस्ट २०२४ मध्ये टाटा समूहाच्या २७,००० कोटी रुपयांच्या सेमीकंडक्टर प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. आसामच्या सुशिक्षित तरुणांना त्यातून काम मिळेल, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये मांडलेली एक कसोटी येथे लावून पाहावी: हा उद्योग आपल्या मागे, म्हणजे कच्च्या मालाच्या बाजूला, कोणाला काम देतो? कागद गिरणीच्या मागे अख्खा डोंगर होता. सेमीकंडक्टरचा कारखाना कार्बी आंगलाँगच्या डोंगरातून काहीच विकत घेणार नाही. गावाचे नाव तेच राहील, भोवतीची अर्थव्यवस्था मात्र निराळी असेल.

दुसरा प्रकल्प अधिक जवळचा आहे. गोलाघाट जिल्ह्यातील नुमालीगड येथे बांबूपासून इथेनॉल तयार करणाऱ्या कारखान्याचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. त्याला वर्षाला पाच लाख टन हिरवा बांबू लागणार असून तो ईशान्येकडील चार राज्यांतून घेतला जाणार आहे. हिरव्या बांबूत पाण्याचा अंश बराच असतो, त्यामुळे दोन कागद गिरण्यांच्या भुकेशी त्याची थेट तुलना करता येत नाही. तरीही बांबूला पुन्हा मोठे गिऱ्हाईक मिळाले, हे निश्चित. प्रश्न असा की, आपण एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या जागी दुसरे मोठे गिऱ्हाईक बसवत आहोत काय? उद्या इथेनॉलचे धोरण बदलले किंवा तेलाचे भाव कोसळले, तर डोंगरातील माणूस पुन्हा तेथेच येऊन उभा राहील.

आपल्या दाराशी

हा प्रश्न दूरच्या आसामचा म्हणून सोडून देता येत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू दीर्घकाळ बल्लारपूरच्या कागद गिरणीशी बांधलेला होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले आणि एप्रिल २०११ मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक स्वतःच्या हाती मिळाले. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकू लागल्या. पुढे जानेवारी २०२० मध्ये बल्लारपूर इंडस्ट्रीज ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मालकी गावाची झाली, हे मोठेच यश. पण मालकी हाती आली तरी खरेदीदार मोजकेच राहिले, तर सौदा करताना मालकाचाही आवाज खाली येतो.

याउलट सिंधुदुर्गाकडे पाहावे. तेथील शेतकरी कित्येक वर्षे खासगी जमिनीत माणगा बांबू लावतो आणि विकतो. त्या काठीचे गिऱ्हाईक एक नाही. फळबागांचे आधार, मांडव, बांधकामाचे परांचे, बुरूडकाम अशा कितीतरी कामांना ती जाते. त्यांपैकी एक मागणी मंदावली तरी दुसरी चालू असते. या बाजारात कोणी फार श्रीमंत झाले नसेल, पण एका भोंग्याच्या बंद होण्याने अख्खा तालुका उपाशी पडण्याचा धोकाही त्यात नाही.

आज महाराष्ट्रात बांबू लागवडीला सरकारी उत्तेजन मिळत आहे आणि रोपांचे आकडे उत्साहाने जाहीर होतात. बांबूचे बेट तोडीला यायला चार-पाच वर्षे लागतात. म्हणून रोप लावण्यापूर्वीच तीन गोष्टींची तजवीज व्हायला हवी. मोठ्या कारखान्याशी करार करायचा तर त्यात किमान भाव आणि कारखाना बंद पडल्यास पुरवठादारांना द्यावयाची भरपाई लिहिलेली असावी. तोडणाऱ्या मजुराचे नाव ठेकेदाराच्या वहीबाहेरही कोठेतरी नोंदले जावे, म्हणजे संकटाच्या वेळी तो सरकारला सापडेल. आणि काडी, चटई, फर्निचर अशा लहान उद्योगांची साखळी जंगलाजवळ उभी राहावी. अगरबत्तीच्या काड्यांसाठी आपण वर्षानुवर्षे व्हिएतनाम आणि चीनच्या बांबूवर विसंबलो. २०२० मध्ये बांबूवरील आयातशुल्क वाढवल्यानंतर तरी ही मागणी आपल्या डोंगरांकडे वळवता आली पाहिजे.

कायदा मनुष्याला विकण्याचा हक्क देऊ शकतो. घेणारा मात्र कायद्याने निर्माण होत नाही, तो धोरणाने आणि चिकाटीने उभा करावा लागतो. बांबू आता झाड राहिला नाही, हे २०१७ मध्ये ठरले. त्यावर जगणारा माणूस कोणाच्या हिशेबात आहे, हे ठरवणे अद्याप बाकी आहे.