पिंजरे मोजू नका!

आम्हा रिसोडच्या मंडळींना प्राणिसंग्रहालय म्हटले की नागपूरची महाराजबाग आठवते. भोसल्यांच्या काळातली ही बाग आज डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. इतका प्रवास केला, तर सगळे पाहून झालेच पाहिजे, म्हणून आईबाप मुलांना पिंजऱ्यामागून पिंजरे पळवतात. "हा वाघ, ते अस्वल, चला पुढे!" तासाभरात पोरे रडकुंडीला येतात.

त्यापेक्षा हरणांच्या कुंपणाशी अर्धा तास बसा आणि एकच कोडे घाला: कोणाच्या शिंगांना फाटे आहेत? चितळ नराची फाटेदार शिंगे दरवर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात. नवी शिंगे मखमली कातडीने मढलेली असतात. काळविटाची पिळदार शिंगे बिनफाट्यांची, पण जन्मभराची. आपली मराठी दोघांनाही हरीणच म्हणते अन् दोन्हींना शिंगेच. तेव्हा इथे मराठीच्या प्राध्यापकाचा काही उपयोग नाही, डोळे हवेत! आणि नीलगाय दिसली तर सांगा, आपल्याकडे शेतात धुडगूस घालणारा रोही तो हाच. नर निळसर करडा, मादी मात्र तपकिरी.

कागद-पेन्सिल जवळ असू द्या. आमच्या धाकटीने चितळाची शिंगे काढली ती थेट बाभळीच्या फांदीसारखी! मला तेच हवे होते.

शेंगदाणे मात्र चारू देऊ नका. प्लॅस्टिकची पिशवी पोटात अडकून हरीण मरते, हे चार वर्षांच्या मुलाला लगेच समजते. आजोबांना पटवायला वेळ लागतो.