बाण निवडताना

उर्दूत आपण 'तीर' म्हणतो, मराठीत 'बाण' म्हणतात. मराठीतही 'तीर' हा शब्द आहे. पण 'नदीच्या तीरावर' असे वाचाल, तेव्हा तिथे बाण शोधू नका. तिथे तीर म्हणजे काठ. 'तिरंदाज' हा शब्द मात्र दोन्ही भाषांना सारखाच ओळखीचा आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये जर्मनीतील बर्लिन शहरात जागतिक तिरंदाजी स्पर्धा झाली. साताऱ्याची आदिती स्वामी तेव्हा सतरा वर्षांची होती. कंपाउंड धनुष्याच्या अंतिम सामन्यात तिने १५० पैकी १४९ गुण मिळवले आणि ती जगज्जेती ठरली. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात पंधरा बाण सोडले. पंधराही बाण दहा गुणांच्या वर्तुळात लागले!

अशी बातमी वाचली, की आपले लक्ष धनुष्याकडे जाते. बाणाकडे कोण पाहतो? बाण म्हणजे टोक लावलेली एक काडी, असे मलाही वाटत असे. एके दिवशी मी माझ्या भाच्याबरोबर सरावाच्या मैदानावर गेलो. त्याचे स्वतःचे बाण अजून आले नव्हते. म्हणून त्याने एका लहान मुलाचे बाण मागून घेतले. बाण दोरीवर लावून त्याने दोरी हनुवटीपर्यंत ओढली. बाण आखूड होता. त्याचे टोक धनुष्यावरच्या आधारावरून मागे घसरले आणि भाच्याच्या डाव्या हाताच्या मागे येऊन थांबले.

"दोरी सोडू नकोस! हळूहळू पुढे ने!" प्रशिक्षक ओरडत धावले.

त्याने दोरी सोडली असती, तर बाण त्याच्याच हातात घुसला असता. त्या दिवशी सरांनी आम्हा दोघांना खाली बसवले आणि बाण कसा निवडायचा, ते समजावून सांगितले.

पहिली गोष्ट लांबीची. प्रत्येकाचे हात वेगळे, म्हणून प्रत्येकाची ओढही वेगळी. हलक्या धनुष्यावर एक लांब बाण लावून दोरी पूर्ण ओढायला सांगतात आणि बाणावर खूण करतात. नवशिक्याचा बाण त्या खुणेपेक्षा एक-दोन इंच लांबच ठेवतात, कारण मूल वाढते आणि ओढही वाढते. लांब बाण पुढे कापता येतो, आखूड बाण लांब करता येत नाही.

दुसरी गोष्ट समजायला थोडी कठीण आहे. पण खरी गंमत तिच्यातच आहे. वेताची एक बारीक छडी घ्या. तिचे एक टोक भिंतीला टेकवा आणि दुसऱ्या टोकावर तळहाताने दाब द्या. छडी मध्येच वाकते. बाणाचेही असेच होते. दोरी मागून जोराने ढकलते, पुढचे जड टोक लगेच हलत नाही आणि मधली दांडी वाकते. बोटांनी सोडलेली दोरी थोडी बाजूला सरकते, त्यामुळे बाण आडवा वाकतो. तो माशासारखा वळवळत धनुष्याला वळसा घालून जातो आणि पुढे हळूहळू सरळ होतो. डोळ्यांना हे दिसत नाही. अतिवेगवान कॅमेऱ्याने घेतलेले चित्र सावकाश चालवले, की स्पष्ट दिसते.

म्हणजे बाण वाकलाच पाहिजे, पण किती? दांडीच्या या गुणाला तिरंदाज 'स्पाइन' म्हणतात. आपण त्याला ताठपणा म्हणू. तो मोजण्याची रीत सोपी आहे. दांडी २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवतात आणि मधोमध सुमारे ८८० ग्रॅमचे वजन टांगतात. दांडी अर्धा इंच झुकली, तर तिचा आकडा ५००. ती ०.४ इंच झुकली, तर ४००. इथेच पुष्कळ जण फसतात. आकडा मोठा म्हणजे दांडी ताठ नव्हे, उलट अधिक लवचीक!

हलक्या धनुष्याला लवचीक दांडी लागते, जोरदार धनुष्याला ताठ. दांडी कापून आखूड केली, की ती जास्त ताठ वागते. पुढचे टोक जड केले, की जास्त वाकते. बोटांनी दोरी सोडणाऱ्या उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बाण फार ताठ असेल, तर तो डावीकडे जातो. फार लवचीक असेल, तर उजवीकडे. बिचारा खेळाडू आपल्या नेमाला दोष देत बसतो! दुकानदार महागडी दांडी दाखवतो, पण महाग दांडी आपल्या धनुष्याला जुळेलच असे नाही.

पूर्वी बाण बांबूचे किंवा लाकडाचे असत. नंतर ॲल्युमिनिअमचे आले. आता बहुतेक खेळाडू कार्बनचे बाण वापरतात. कार्बनचे केसांहून बारीक धागे राळेसारख्या चिकट पदार्थात घट्ट बसवून ही पोकळ दांडी तयार करतात. ती हलकी असते, बारीक असते आणि वाकून पुन्हा सरळ होते. ऑलिंपिकमध्ये लक्ष्य ७० मीटरवर असते आणि दहा गुणांचे वर्तुळ फक्त १२.२ सेंटिमीटरचे, म्हणजे बशीएवढे. तिथे वारा बाणाला ढकलतो, म्हणून बारीक दांडी बरी. बंद सभागृहात वारा नसतो. तिथे काही जण मुद्दाम जाड दांडी घेतात, कारण बाण रेषेला नुसता टेकला तरी वरचे गुण मिळतात. मात्र नियमाप्रमाणे दांडी ९.३ मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही.

हलका बाण वेगाने जातो, म्हणून फार हलका बाण घ्यावा काय? नाही. बाण फार हलका असला, तर दोरीचा जोर बाणात न जाता धनुष्यालाच हादरा देतो. धनुष्य मोडूही शकते. अमेरिकेत परवाना घेऊन ठरावीक हंगामात धनुष्यबाणाने हरणांची शिकार करतात. ते शिकारी जड बाण निवडतात, कारण जड बाण खोल जातो. हलक्या बाणाने जनावर नुसतेच जखमी होऊन तडफडत पळते. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. आपले बाण लक्ष्यासाठीच.

कार्बनचा एक दोष मात्र लक्षात ठेवायला हवा. ॲल्युमिनिअमचा बाण वाकला, तर डोळ्यांना दिसतो. कार्बनच्या दांडीला गेलेली तडा दिसत नाही. असा बाण दोरी सोडताच फुटू शकतो आणि त्याच्या काटेरी चिरफळ्या हातात घुसतात. म्हणून सर प्रत्येक बाण दोन्ही टोकांना धरतात, चेहऱ्यापासून दूर नेऊन किंचित वाकवतात आणि कान देऊन ऐकतात. मग बाण थोडा फिरवून पुन्हा तेच करतात. 'कट्' असा बारीक आवाज आला, की बाण बाद. दांडीवरून कापसाचा बोळाही फिरवतात. तंतू कुठे अडकला, तर तिथे दांडी उकललेली असते.

पुढच्या महिन्यात भाच्याचे सहा बाण आले. त्याच्या ओढीपेक्षा दीड इंच लांब, त्याच्या हलक्या धनुष्याला जुळतील असे. प्रत्येक दांडीवर त्याने आपल्या नावाची आद्याक्षरे लिहिली, कारण स्पर्धेत ती असावीच लागतात. आता मैदानावर जाताना त्याच्या खिशात कापसाचा बोळा असतो. परवा सहाव्या बाणावर कापूस अडकला. त्याने तो बाण दोन तुकडे करून टाकून दिला आणि पाच बाणांवर सराव केला.