उघडी शीतकपाटे व विजेचा व्यय

सन 2016 मध्ये महाराष्ट्रात फळे व भाजीपाला यांस बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त करण्यात आले आणि शेतकऱ्यांच्या गटांना मुंबईच्या उपनगरांत थेट विक्री करणे सुकर झाले. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर वा मुलुंड येथे दुकान थाटणाऱ्या गटास दूध, दही व पालेभाज्या यांसाठी शीतकपाट लागते. ग्राहकास सहज माल उचलता यावा म्हणून पुष्कळदा दर्शनी बाजूने उघडे कपाट, दुकानदारांच्या भाषेत ‘ओपन चिलर’, पसंत केले जाते. दलालीतून वाचलेला पैसा विजेच्या बिलात जाऊ नये, यासाठी त्याचे कार्य समजून घेणे अगत्याचे आहे.

या कपाटास दार नसते, पण हवेचा पडदा असतो. वरच्या जाळीतून सुटलेला थंड झोत दर्शनी बाजूने खाली उतरतो व तळच्या जाळीतून पुन्हा आत ओढला जातो. हा पडदा अभेद्य नव्हे. यंत्रावर पडणाऱ्या उष्णतेच्या भारापैकी सुमारे तीन-चतुर्थांश भार बाहेरून शिरणाऱ्या हवेचा असतो, आणि मुंबईची हवा तर दमट. एक लिटर पाण्याइतकी वाफ थंड नळ्यांवर जमून पाणी होताना सुमारे 590 किलोकॅलरी उष्णता सोडते. त्या पाण्याचे हिम होताना आणखी 80. ही सारी उष्णता यंत्रास बाहेर टाकावी लागते. शिवाय हिमाचा थर साचला की नळ्यांमधून हवा खेळत नाही.

कपाटासमोर छताचा पंखा फिरत असेल, तर त्याच्या वाऱ्याने हा पडदा मोडतो. पंखा हलवावा, त्यास फारसा खर्च नाही. भरणरेषेपलीकडे माल रचू नये, तळची जाळी दह्याच्या डब्यांनी झाकू नये व रात्री गुंडाळपडदा ओढावा. मात्र काचेच्या दारांइतका लाभ यांपैकी कशानेही होत नाही. दारामुळे खप घटेल अशी भीती दुकानदारांस वाटते खरी. परंतु घरी रोज फ्रीज उघडणाऱ्या ग्राहकास दुकानातील दार जड जाण्याचे कारण नाही. काच दुपदरी घ्यावी, नाहीतर पावसाळ्यात तिच्यावर बाहेरून दव साचून माल दिसेनासा होतो.

उघड्या कपाटाने दुकानही थंड राहते, हा समज फसवा आहे. यंत्र कपाटातच बसवलेले असल्यास आतून काढलेली उष्णता, आणि खर्चलेल्या विजेची उष्णताही, दुकानातच सुटते.

कांदे-बटाट्यांस या थंडीची गरज नाही. वांगी व काकडी यांस तर 10 अंश सेल्सिअसखालील थंडी काही दिवसांतच बाधते. ही टोपल्यांत ठेवली, तर दूध-दही व पालेभाज्यांपुरते लहान कपाट घेऊन भागते.